पोटगी आणि पगार



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे जे काम केले त्याच्यावर माणूस बरे बोलतो, असा एक समज आहे. परंतु मी त्यांना कळवले की, मला पोटगीवर बोलायचे आहे. त्यांच्यापैकी एक जण माझे जुने स्नेही. ते काळजीने म्हणाले, "भाऊ, हा विषय वकिलांचा. तुम्ही त्यात कशाला पडता?" त्यांची काळजी रास्त होती. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि रात्रीच्या एस.टी.त दिव्याखाली. तेव्हा कायद्याचे चार शब्द बोलताना माझे काही चुकले तर समोर बसलेल्या वकील मंडळींनी मला अवश्य टोकावे. पण विषय त्यांच्याइतकाच माझ्याही धंद्यातला आहे. तो तसा कसा, हेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

रिठदला हा विषय परका नाही. सोयाबीन घरात आले, तूर निघाली, की इथली तरुण पोरे चाकणला, रांजणगावला, वाळूजला कंपनीत लागतात. काही तिकडेच राहतात. लग्न होते, सून शहरातल्या एका खोलीत नांदायला जाते, वर्षा-दोन वर्षांत काहीतरी बिनसते, आणि एके दिवशी ती कडेवर एक लेकरू आणि हातात एक पिशवी घेऊन माहेरच्या फाट्यावर उतरते. कोणाचे चुकले हे ठरवायला गावाला एक दिवसही लागत नाही. तिला लावायला आपल्याकडे शब्द तयार असतो : टाकलेली. ज्याने टाकले त्याला मात्र मराठीत असा शब्द नाही. मी बराच शोधला.

तिला जे मिळायला पाहिजे त्याला आपण पोटगी म्हणतो. म्हणजे पोटापुरते. माझ्या आजीच्या तोंडी 'अन्नवस्त्र' हा शब्द होता. जुन्या कागदांत बायकांच्या नावाने 'चोळीबांगडी'साठी जमीन लावून दिलेली आढळते. शब्द तिन्ही चांगले आहेत, पण तिन्हींत देणारा वर बसलेला आहे आणि घेणारी पदर पसरून खाली उभी आहे. मीही अनेक वर्षे असेच समजत होतो. पोटगी म्हणजे एक तर दया, नाहीतर दंड. बायको सोडली, आता भर दंड. हा समज माझ्या डोक्यातून एका बाईने काढला. ती हकीकत आधी सांगतो. तीत माझी बाजू लंगडी आहे, हे आधीच कबूल करतो.

पंधरासोळा वर्षांपूर्वी मी एका औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगारांच्या युनियनचे काम पाहत होतो. कंपनीचे आणि कंत्राटदाराचे नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. आमच्या सभासदांपैकी एक जण आपल्याच भागातला. मोर्चात पुढे, वर्गणी वेळेवर, गेटसभेत घोषणा द्यायला पहिला. त्याची बायको दोन मुलींना घेऊन माहेरी राहत होती आणि तिने पोटगीचा अर्ज लावला होता. कोर्टाने पगाराचा दाखला मागितला. हा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, दाखला जरा पाहून द्यायला सांगा." मी कंत्राटदाराच्या मुनीमाला फोन केला. "आपला माणूस आहे, बघा जरा," एवढे पाच शब्द मी बोललो. मुनीम हुशार. त्याने खोटे काहीच लिहिले नाही. त्याने फक्त मूळ पगार लिहिला : ३,९०० रुपये. हजेरीभत्ता, जादा कामाचे पैसे, घरभाडे, हे सगळे धरून त्या माणसाच्या हातात महिन्याला ६,६०० रुपये पडत होते, ते लिहिले नाही. न्यायालयाने तिघींना मिळून १,२०० रुपये लावून दिले. बाईला ६००, मुलींना तीनतीनशे.

आता यातली खरी लाज ऐका. पगाराचे असे तुकडे करणे ही कंत्राटदारांची जुनीच खोड आहे. मूळ पगार लहान दाखवायचा आणि बाकीचे भत्त्यांत घालायचे, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाची वर्गणी कमी भरावी लागते. याच लबाडीविरुद्ध मी अर्धे आयुष्य भांडलो. सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते फंडाच्या हिशेबात मूळ पगारातच धरले पाहिजेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१९ साली झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. आणि जी लबाडी मालकाने केली म्हणजे चोरी, तीच आमच्या सभासदाने बायकोविरुद्ध वापरली तेव्हा तिला मी मदत म्हटले.

तीनचार महिन्यांनी ती बाई युनियनच्या कचेरीत आली. दुपारची वेळ, कचेरीत मी आणि चहावाला पोरगा. तिच्या हातात आमचेच पत्रक होते, पगारवाढीच्या मागणीचे. ते तिला कोठे मिळाले कोण जाणे. त्यात आम्ही नेहमीप्रमाणे लिहिले होते की, चार माणसांचे कुटुंब या पगारात जगू शकत नाही, मुलांचे शिक्षण कसे करावे, आजारपण कसे काढावे, वगैरे. तिने बोट ठेवून ती ओळ मला दाखवली आणि म्हणाली, "भाऊ, पगार मांगतांनी आमाले मोजता. मंग पैसे वाटाच्या वक्ती आमी कोन?"

मी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा पाणी दिले असेल.

ती गेल्यावर ते पत्रक मी पुन्हा वाचले. ते चार माणसांचे कुटुंब आम्ही मनाने काढले नव्हते. त्याला आधार आहे, आणि तो आधार कामगार चळवळीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. १९५७ साली पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांनी मिळून किमान वेतन कसे काढायचे याची रीत तीत ठरवली. एका कमावत्याच्या पगारावर तीन खाती माणसे धरायची. प्रत्येकाला डॉक्टर आयक्रॉइड यांच्या हिशेबाने २,७०० उष्मांकांचे अन्न. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड. सरकारी घरकुल योजनेप्रमाणे घरभाडे. सरपण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्च यांसाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. आणि १९५७ च्या ठरावात एक महत्त्वाचे वाक्य आहे : हा हिशेब करताना घरातल्या बायकामुलांची कमाई धरू नये.

चार माणसे आणि तीन खाती माणसे, हे कसे? तर कमावता पुरुष एक, बायको शून्य दशांश आठ, आणि दोन मुले प्रत्येकी शून्य दशांश सहा. बेरीज तीन. बाईला पुरुषाहून कमी भूक लागते हे कोणी ठरवले, हा प्रश्न आज बाजूला ठेवू. भर उन्हात तुरीची सोंगणी करणाऱ्या बाईला तो विचारावा. पण बेरीज पाहा. पगार १५,००० असेल तर एका मापाला ५,००० आले. पुरुषाचे ५,०००, बाईचे ४,०००, मुलांचे तीनतीन हजार. म्हणजे १५,००० पैकी १०,००० रुपये हे त्याचे नाहीतच. ते त्याच्या हातात दिले जातात एवढेच. खजिनदाराच्या हातात वर्गणी देतात तसे. आमच्या त्या सभासदाच्या ६,६०० रुपयांत याच मापाने बायको आणि मुली यांचे ४,४०० होते. त्यांना १,२०० मिळत होते.

हे गणित मांडल्यावर पोटगीचा कायदा मला निराळा दिसू लागला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात कर्जापोटी पगार किती जप्त करता येतो ते सांगितले आहे. साध्या कर्जासाठी पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोनतृतीयांश यांना हात लावता येत नाही. सावकारापासून कामगाराला असे चांगले कुंपण आहे. परंतु पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी फक्त एकतृतीयांश पगार सुरक्षित आहे, बाकीचा दोनतृतीयांश जप्तीला मोकळा. तीनांतला एक वाटा त्याचा, दोन वाटे बायकामुलांचे. श्रम परिषदेच्या खोलीतले लोक निराळे आणि हे कलम लिहिणारे निराळे. तरी दोघांचा अपूर्णांक एकच आला. हा योगायोग असेल, पण मला तो फार बोलका वाटतो.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के पोटगी बायकोला देणे रास्त होईल असे म्हटले. शून्य दशांश आठ भागिले तीन, म्हणजे २६ टक्के आणि दोनतृतीयांश. तेही जवळपास तेथेच आले. अर्थात २५ टक्के हा काही ठोकळेबाज नियम नाही. दोघांची स्थिती, उत्पन्न, जबाबदाऱ्या पाहून न्यायालयाने ठरवायचे आहे.

कुटुंबाला पुरेल असा पगार ही कल्पना आपल्या देशातलीच नव्हे. ऑस्ट्रेलियात १९०७ साली न्यायमूर्ती हिगिन्स यांच्यापुढे शेतीची यंत्रे करणाऱ्या एका कारखान्याचे प्रकरण आले. रास्त मजुरी म्हणजे किती, हा प्रश्न होता. त्यांनी मालकाची ऐपत बाजूला ठेवली आणि कामगाराच्या घरात साधेपणाने पण सुखाने राहायला काय लागते ते विचारले. भाडे, किराणा, भाकरी, मांस, दूध, सरपण. सात शिलिंग रोज असा आकडा निघाला. ज्या कायद्याखाली तो निकाल झाला तो पुढच्याच वर्षी रद्द ठरला, परंतु तो आकडा त्या देशातल्या वेतनाचा पाया होऊन राहिला. त्याची दुसरी बाजू मात्र आपण सांगत नाही. पुरुषाच्या पगारात बायको मोजली आहे ना, मग कामाला येणाऱ्या बाईला कमी दिले तरी चालेल, असा त्यातून अर्थ निघाला, आणि तिकडे बायकांचा पगार पुरुषांच्या निम्म्याहून थोडा अधिक एवढाच बरीच वर्षे राहिला. आपल्या शिवारात निंदणाला जाणाऱ्या बाईची मजुरी पाहा. तोच न्याय आहे. नवऱ्याच्या पगारात तिचा वाटा धरलेला, म्हणून तिला मजुरी कमी. आणि नवऱ्याने तो वाटा अडवला, तर तीच कमी मजुरी तिचे सगळे उत्पन्न. दोन्हीकडून कापली जाते ती अशी.

आता कायद्याकडे येतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८८ वे कलम होते. ज्याला ऐपत आहे आणि तरी जो बायकोला, पोराला सांभाळत नाही, त्याला मॅजिस्ट्रेटने दरमहा रक्कम द्यायला लावावी. कमाल मर्यादा ५० रुपये. पुढे ती १०० झाली, १९५५ साली ५०० झाली. त्या काळी ५०० रुपये ही मोठी रक्कम होती. १९७३ च्या नव्या संहितेत कलमाचा आकडा १२५ झाला, मर्यादा मात्र ५०० च राहिली. १९७३ ते २००१. या काळात ज्वारी कोठल्या कोठे गेली, महागाईभत्त्यासाठी आम्ही किती संप केले, पण टाकलेल्या बाईच्या ५०० रुपयांना महागाईभत्ता नव्हता. २००१ साली केंद्र सरकारने ती मर्यादा काढून टाकली. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या आकड्याने आहे. आकडे बदलले तरी आपल्या वकिलांच्या तोंडी अजून 'एकशेपंचवीस'च आहे, आणि बायकांच्याही.

या कलमाला धर्म नाही. इंदूरच्या शाहबानो यांच्या प्रकरणात १९८५ साली मराठी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी हेच सांगितले. ज्या रकमेवरून देशभर वादळ उठले ती रक्कम होती महिना १७९ रुपये २० पैसे. १९८६ साली संसदेने मुसलमान स्त्रियांसाठी निराळा कायदा केला. २००१ साली न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ बाईच्या बाजूने लावला. जुलै २०२४ मध्ये, घटस्फोटित मुसलमान स्त्रीला १२५ व्या कलमाचा रस्ताही खुला आहे, असा निकाल झाला. पण त्या वीस पैशांपर्यंत हिशेब करणाऱ्या कोर्टाकडे आणि सत्तरीच्या आसपासच्या त्या बाईकडे, राजकारण झाल्यावर, कोणी फारसे पाहिले नाही.

गावातला आणखी एक नेहमीचा प्रकार. पहिली बायको असताना ती लपवून दुसरी करायची, आणि दुसरीने पोटगी मागितली की कोर्टात म्हणायचे, ही माझी बायकोच नव्हे, हे लग्न कायद्याने झालेच नाही. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले. बाईला फसवले होते, पण कायदेशीर पत्नी नाही म्हणून पोटगी नाही. पंचवीस वर्षे तो निकाल नवऱ्यांच्या उपयोगी पडला. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, ज्याने पहिले लग्न लपवले त्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेता येणार नाही, फसवल्या गेलेल्या बाईला पोटगी मिळेल. लेकरांचा हक्क तर आधीपासूनच पक्का होता. लग्न कसेही असो, पोर बापाचेच.

हे झाले हक्काचे. पण हक्क आणि रक्कम यांच्यामध्ये कोर्टाच्या फार पायऱ्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत उंच पायरी म्हणजे नवऱ्याचे उत्पन्न शाबीत करणे. नवरा कोर्टात उभा राहतो तेव्हा त्याच्याइतका गरीब माणूस तालुक्यात नसतो. शेती? सातबारा बापाच्या नावाने. नोकरी? सुटली. मोटारसायकल? मित्राची. बाईच्या हातात काय असते? त्याच्या पगाराची एखादी जुनी पावती, तीही धुण्यात भिजलेली.

या बाबतीत आपल्या विदर्भातल्याच एका प्रकरणाने देशाला रस्ता दाखवला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेला एका जोडप्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्याचा निकाल झाला. तेव्हापासून देशभर दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, कर्ज, खर्च प्रतिज्ञापत्रावर उघड करायचे आहे. खेड्यातल्या लोकांसाठी त्याचा निराळा नमुना आहे, आणि तो कोणीतरी जाणत्याने केलेला दिसतो. जमीन किती, स्वतःच्या नावाने की सामाईक वाट्याची, ओलिताची की कोरडवाहू, पीक कोणते, मागच्या तीन वर्षांचे उत्पन्न किती, जमीन बटईने घेतली आहे का, गाईम्हशी किती, शेळ्या किती, कोंबड्या किती, इथपर्यंत विचारले आहे. सातबाऱ्याआड लपणाऱ्याला कोंबड्यांनी उघडे पाडावे, हे मला फार आवडले. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट ठरवली. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या नव्हे. म्हणजे तारखा वाढवून नवऱ्याचा फायदा होऊ नये.

येथे बसलेल्या भगिनींना, आणि ज्यांच्या घरी अशी लेक आहे त्या वडीलधाऱ्यांना, दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. नवरा चाकणला आहे म्हणून चाकणला खेटे घालावे लागत नाहीत. बायको जेथे राहते तेथल्या न्यायालयात अर्ज चालतो. म्हणजे रिठदच्या लेकीला तालुक्याच्या कोर्टात दाद मागता येते. खटला चालू असतानाची तात्पुरती पोटगी, नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत ठरवावी असे कायदा म्हणतो. 'शक्यतो' हा शब्द कोर्टात किती लांबतो ते मी आपल्याला सांगायला नको, परंतु मागायचे ते मागावेच. आणि थकबाकी साचू देऊ नये. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या कलमाखाली ती वसूल होत नाही. "देईल, देईल" म्हणत वर्ष निघून जाते, आणि नवऱ्याकडच्या मंडळींना हे बरोबर ठाऊक असते. न देणाऱ्याला महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. काहींना वाटते, कैद भोगली की फिटले. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले आहे की, तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटत नाही.

आता पुरुषांची बाजू. ती मी टाळणार नाही, कारण माझे सगळे आयुष्य त्यांच्यातच गेले. पहिली तक्रार, बाई कमावते तरी मागते. ती पुरेसे कमावत असेल तर न्यायालय ते पाहते, आणि उलटही होते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या २४ व्या आणि २५ व्या कलमांत पोटगी मागण्याचा हक्क नवऱ्यालाही आहे. आपल्या शेजारच्या नांदेडमध्ये एका शिक्षिकेने घटस्फोटित नवऱ्याला महिना ३,००० रुपये द्यावेत असा हुकूम झाला, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ साली तो कायम ठेवला. मला त्यात काही वावगे दिसत नाही. शाळेच्या पगारावर घर चालत होते, तर त्या घरातला वाटा दोघांचा. दुसरी तक्रार, तिला नांदायचेच नाही. पुरेसे कारण नसताना बाई राहायला नकार देत असेल, तर कायदा तिला पोटगी देत नाही. पण कारण पुरेसे की नाही हे ठरवताना गावाने घाई करू नये. पंचांपुढे बाई सगळे सांगत नाही.

एक तक्रार मात्र मी स्वतः करतो. कारखाना बंद पडतो, कंत्राट तुटते, आणि धडधाकट माणूस आहे तर कमावलेच पाहिजे असे न्यायालय म्हणते. धडधाकट माणसाला काम मिळतेच असे नाही, हे ज्याने दर सोमवारी नाक्यावर उभे राहून पाहिले त्याला कळते. परिस्थिती बदलली तर रक्कम कमीजास्त करून मागण्याची सोय कायद्यात आहे, हे अशा कामगाराने लक्षात ठेवावे. नोकरी गेली की पोटगी गुपचूप बंद करतात, अर्ज करत नाहीत, मग थकबाकी चढते आणि वॉरंट आले की युनियनकडे धावतात. दोन ओळींचा अर्ज वेळेवर केला असता तर निभावले असते.

सरकारने काही केले नाही असे नाही. संजय गांधी निराधार योजनेत, घटस्फोट झालेल्या पण पोटगी न मिळणाऱ्या बायकांना अनुदान आहे. २०२३ पासून ते महिना १,५०० रुपये झाले. पण ते आपोआप मिळालेले नाही. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाच्या निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली. तिकडे सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या चळवळीतल्या बायकांनी हाच प्रश्न धरून ठेवला. टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाची शिधापत्रिका असावी, डोक्यावर छप्पर असावे, अशा मागण्या घेऊन बायका रस्त्यावर आल्या. त्या सुमारास आम्ही कामगार पुढारी बोनसच्या टक्क्यांवर भांडत होतो. आमच्या एकाही मागणीपत्रकात परित्यक्ता हा शब्द नव्हता, आणि आमच्या सभासदांपैकी किती जणांनी बायका टाकल्या होत्या हे आम्ही कधी मोजले नाही.

त्या बाईची गोष्ट अर्धी राहिली. ती कचेरीतून गेल्यावर पंधरा दिवस मी स्वस्थ बसलो, हेही सांगितले पाहिजे. मग तिच्या वकिलाला निरोप पाठवला. रक्कम वाढवून मागण्याचा अर्ज झाला, कंत्राटदाराच्या पगाराच्या पूर्ण नोंदवह्या मागवल्या गेल्या, आणि युनियनचा माणूस म्हणून मी साक्षीला उभा राहिलो. भत्ते किती, जादा काम किती, आमच्याच करारात काय लिहिले आहे, सगळे सांगितले. उलटतपासणीत नवऱ्याच्या वकिलाने विचारले, "पहिला दाखला कसा दिला गेला, तुम्हांला माहीत आहे का?" मी म्हणालो, "माझ्या फोनवरून." कोर्टात जरा वेळ कोणी बोलले नाही.

रक्कम तिघींना मिळून २,५०० झाली. ४,४०० नव्हे. हिशेबाने जे निघते ते कोर्टात सगळे मिळतेच असे नाही, आमच्या करारांतही कधी मिळाले नाही. त्याच आठवड्यात गेटवर माझ्याविरुद्ध पत्रक निघाले. आपल्याच सभासदाविरुद्ध साक्ष देणारा पुढारी, असा मथळा होता. चाळीसएक जणांनी वर्गणी बंद केली. त्यांतले निम्मे परत आले, निम्मे आले नाहीत. तो माणूस तर आलाच नाही. माझा त्याच्यावर राग नाही. त्याने जे मागितले ते देणारा मीच होतो. पुढच्या मागणीपत्रकात आम्ही एक कलम घातले की, न्यायालयाने मागितल्यास दाखल्यावर सर्व भत्त्यांसह पूर्ण वेतन लिहावे. व्यवस्थापनाने ते हसत मान्य केले. आमच्याच कार्यकारिणीत त्याच्यावर तीन तास वाद झाला.

मोठी मुलगी आता परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून नोकरीला लागली आहे. त्या बाईचा फोन मला अजून येतो, बहुतेक दिवाळीच्या पुढेमागे. तब्येत विचारते, पाऊसपाण्याचे विचारते, आणि मग मुद्द्यावर येते : "भाऊ, औंदा करार झाला का? किती वाढले?"